स्टॉलकडे पाठ करून

प्रदर्शनात माणसं स्टॉल बघायला जातात. आमचे शेठ स्टॉलकडे पाठ करून उभे राहायचे. एकदा वाशीला बेकरीच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं. तिथे एका भल्यामोठ्या ओव्हनकडे पाठ करून ते असे खांबासारखे उभे राहिले, की स्टॉलवरच्या टाय लावलेल्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं, काकांना बरं वाटत नाहीये का, खुर्ची देऊ का. मी म्हटलं, त्यांना अगदी छान वाटतंय, तुम्ही तुमचं चालू द्या. तो बिचारा गिऱ्हाईक सोडून बराच वेळ आमच्याकडेच बघत राहिला.

आता बेकरीच्या प्रदर्शनात आमचं काय काम, असं कुणीही विचारेल. आमचा कारखाना गणपतीचा. पेणमध्ये डोळे मिटून दगड भिरकावला तरी गणपतीच्या कारखान्यावरच पडेल, त्यातलाच हा एक. मी तिथे ऑर्डरी घ्यायचे, फोन उचलायचे, पार्सलं रवाना करायचे, आणि कार्डावर माझ्या नावाखाली ‘मार्केटिंग’ असं लिहिलेलं होतं. माझं बी.कॉम. झालंय, म्हणून लिहिलं असावं. खरं मार्केटिंग शेठच करायचे, आणि ते कसं करायचे हे सांगितलं तर माझं डोकं फिरलंय असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे.

गणपतीच्या प्रदर्शनांना शेठ कधी फिरकले नाहीत. म्हणायचे, तिथे सगळे आपलेच भाऊबंद, एकमेकांच्या सोंडा बघायच्या आणि चहा पिऊन परत यायचं. त्यांना भलतीच प्रदर्शनं लागायची. हॉस्पिटलच्या खाटांचं, बाथरूमच्या नळांचं, शेतीच्या अवजारांचं, बर्फाच्या यंत्रांचं. पेपरात जाहिरात दिसली, की बोटाने दाखवून म्हणायचे, ‘ह्याला जायाचंय गो.’ मग मी ऑनलाइन नाव नोंदवायचे, आणि सकाळची एस.टी. धरून आम्ही निघायचो. दारात गळ्यात अडकवायला नावाचा बिल्ला मिळतो ना, तो शेठ उलटा फिरवून घालायचे. कोऱ्या बाजूने. कुणी नाव विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखवायचे.

आत गेलं की गर्दीचा एखादा स्टॉल हेरायचा, त्याच्याकडे पाठ करायची आणि समोरून येणाऱ्या बघ्यांची तोंडं न्याहाळत बसायचं. एवढंच. माहितीपत्रक घ्यायचं नाही, नमुना मागायचा नाही. मध्येच हनुवटीने खूण करून मला सांगायचे, ‘ती निळ्या साडीतली. जा, बघून ये काय बघते ती.’ मग मी जायचे, ती बाई कशाकडे बघते ते बघायचे आणि येऊन सांगायचे. ते स्वतः कधीही वळून बघत नसत. त्यांचं म्हणणं, वस्तू काय, रंग दिला की चांगली दिसते. बघणाऱ्या माणसाला रंग देता येत नाही.

बेकरीच्या त्या प्रदर्शनात निळ्या साडीतली बाई ओव्हनकडे बघतच नव्हती. केकच्या बोटभर साच्याकडे बघत होती, आणि तो तिने दोनदा हातात घेऊन परत ठेवला. मी येऊन सांगितलं. शेठ म्हणाले, हिचा मुलगा परदेशी असणार, हिला काहीतरी बारकंसं त्याच्या बॅगेत घालून द्यायचंय. कशावरून, विचारायची सोय नाही. त्या वर्षी आम्ही पत्र्याच्या डबीत मावणारा बोटभर शाडूचा गणपती काढला, आणि परदेशी मुलं असलेल्या आयांनी आमचा फोन खाली ठेवू दिला नाही. हॉस्पिटलच्या प्रदर्शनातून मानेच्या पट्ट्याची कल्पना आणली. पार्सलात सोंडा मोडायच्या, म्हणून प्रत्येक गणपतीच्या सोंडेला फोमचा पट्टा. पॅकिंगवाल्या बायका हसून हसून लोळायच्या, म्हणायच्या, बाप्पाला स्पाँडिलायटिस झाला. पण सोंडा मोडायच्या थांबल्या.

इथवर ठीक. असा हुशार माणूस असू शकतो. पण शेठ प्रदर्शनातून आणखी एक गोष्ट आणायचे, आणि ती मला कधीच आवडली नाही.

काही वेळा हनुवटीची खूण व्हायची नाही. शेठ नुसते कुणाकडे तरी बघत राहायचे, आणि मग एकाएकी डोळे मिटून घ्यायचे. मिटले की मिटले. मग मी त्यांचा दंड धरून त्यांना हॉलबाहेर काढायचं, बसमध्ये चढवायचं, तिकीट काढायचं. पनवेल येवो नाहीतर पेणचा स्टँड, डोळे उघडायचे नाहीत. एकदा मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर हळूच म्हणाले, ‘बोलू नको गो. सांडंल.’ काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेतलेली बाई चालते ना, तसे ते चालायचे. कारखान्यात आले की हातपाय धुवायचे, रंगून तयार असलेल्या एखाद्या मूर्तीपुढे बसायचे, तेव्हा कुठे डोळे उघडायचे आणि कुंचला घेऊन मूर्तीचे डोळे काढायचे. आमच्याकडे याला आखणी म्हणतात. मूर्तीचं सगळं झाल्यावर शेवटी आखणी, आणि ती करणारा हात वेगळाच लागतो.

गणपतीची नजर कशी असते, तुम्ही बघितलीच असेल. जरा खाली, पाटासमोर हात जोडून बसलेल्या माणसावर. निवांत. शेठच्या त्या मूर्तींची नजर तशी नसायची. ती सरळ तुमच्यावर यायची आणि तुमच्याकडे काहीतरी मागायची. प्रदर्शनात माणसाला एखादी गोष्ट फार हवी असते आणि ती आपल्याला मिळायची नाही हेही ठाऊक असतं, तेव्हा तो जसा बघतो, ती नजर. शेठ तिला ‘मागणं’ म्हणायचे. एक मागणं एकाच मूर्तीला. दुसऱ्यांदा काढताच येत नाही, म्हणायचे.

दागिन्यांचं रंगकाम करणाऱ्या बायका जेवायला बसण्याआधी त्या मूर्तींची तोंडं भिंतीकडे करायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं, आपसूकच करायच्या. एकदा दुपारी मी एकटीच शेडमध्ये होते. रांगेत शे-दोनशे मूर्ती उभ्या, आणि तरी त्यांतली शेठच्या हातची कुठली ते मला मागे न वळता कळलं. मानेवर कळलं. मी ऑर्डरीचे कागद घेऊन बाहेर उन्हात जाऊन बसले.

गिऱ्हाईक मात्र तिथेच खिळायचं. लोक नुसता भाव विचारायला यायचे, सगळी रांग फिरायचे आणि त्या एका मूर्तीपुढे गप्प व्हायचे. मग ‘ही द्या’ म्हणायचे. घासाघीस नाही, काही नाही. हेच शेठचं मार्केटिंग. जे मागतं त्याला माणूस टाकून जात नाय, असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण एका घरच्या सुनेने मला नंतर फोन करून सांगितलं, की तो गणपती घरात होता तोवर घरातलं एकही माणूस पोटभर जेवलं नाही. समोर कुणी उपाशी बसलंय असं वाटायचं म्हणे.

आणि खुद्द शेठचे डोळे कसे होते? इतकी वर्षं मी त्यांच्याकडे काम केलं. नाक सांगेन, कानावरचे केस सांगेन, वाकडी करंगळी सांगेन. डोळे आठवत नाहीत. दुकान बंद झाल्यावर काचेतून आत बघावं, तसं काहीतरी होतं तिथे.

धरमतरच्या बाजूचा एक मासळीचा व्यापारी एकदा आपल्या बायकोबरोबर मूर्ती बघायला आला. चांगला धिप्पाड माणूस, बोलताना हात उडवणारा. शेठने आखलेल्या एका मूर्तीपुढे आला आणि त्याचे हात खाली गेले. म्हणाला, ‘हे माझे डोळे हायत.’ बायको हसायला लागली. तो हसला नाही. मग त्याने मला सांगितलं, की बर्फाच्या यंत्रांच्या प्रदर्शनाला तो गेला होता. स्वतःचं बर्फाचं मशीन घ्यायचं असं त्याला इतकं वेड लागलं होतं, की जेवण गोड लागायचं नाही. प्रदर्शनातून घरी आला आणि ते वेड गेलं. घरातले सगळे खूश झाले. पण त्याच्यानंतर दुसरंही काही मागावंसं वाटेना. जेवलो काय नि नाय जेवलो काय, म्हणाला, पोरीचं लग्न ठरलं तरी मला काय वाटलं नाय. ही मूर्ती त्याने घेतली. दुसऱ्या कुणाच्या घरी जायला नको म्हणाला, आणि तिचं तोंड छातीशी धरून टेम्पोत बसला.

मी शेठना हे सांगितलं. ते माती मळत होते. म्हणाले, ‘बरं झालं. योग्य घरी गेली.’ आणि पुन्हा मळायला लागले.

आता माझ्या घरचं सांगते.

माझी थोरली बहीण रोह्याला असते. भाऊजी शाळेत शिक्षक. त्यांना एकच मुलगा, बाबू. मी ताईच्या घरी राहून शिकले, त्यामुळे बाबूला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं मी केलंय. लोक मला त्याची मोठी बहीण समजायचे. त्याला वहीपुस्तकात रस नव्हता, पाण्यात होता. धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्ज चालतात, त्यातल्या एकीवर तो कामाला लागला. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो बार्जवरून पाण्यात गेला. कसा गेला ते कुणी बघितलं नाही. अंगात घालायचं जाकीट बार्जवरच खिळ्याला टांगलेलं मिळालं. उकडतं म्हणून काढलं असणार, त्याची ती सवयच होती. कोळ्यांनी जाळी टाकली, पोलिसांनी बोटी फिरवल्या. बाबू सापडला नाही.

ताई तेव्हापासून एकच म्हणायची, अंग सापडलं नाय म्हणजे माझा पोर गेला नाय. पोहत कुठंतरी लागला असंल किनाऱ्याला. सुतक धरू दिलं नाही, दहावं-बारावं करू दिलं नाही. मी? मी रडून रडून अर्धी झाले होते. बसमध्ये रडायचे, फोनवर ऑर्डर घेताना रडायचे. आणि मनातल्या मनात ताईपेक्षा मीच जास्त वाट बघायचे, फक्त बोलायचे नाही.

पुढे शिमग्याच्या सुमाराला मुंबईत बोटी आणि बंदराच्या सामानाचं प्रदर्शन लागलं. शेठ म्हणाले, चल. मला खरं तर जायचं नव्हतं, पण नोकरी ती नोकरी. त्या दिवशी त्यांनी मला एकाही स्टॉलवर पाठवलं नाही. मी इकडेतिकडे फिरत राहिले. थोड्या वेळाने बघते तर हे एका स्टॉलकडे पाठ करून डोळे मिटून उभे. दंड धरून त्यांना पेणला आणलं.

त्या आठवड्यापासून मला झोप लागायला लागली. रडू थांबलं. बाबूचा फोटो समोर आला तरी नुसता फोटो दिसायचा. मला वाटलं, चला, जखम भरत आली. माणूस सावरतंच की कधीतरी. मग मी ताईलाही शहाणपण शिकवायला लागले. ताई, पोर गेलं, मान्य कर. ताई, त्याचं करून टाकू, त्याला तरी सुटू दे. ती एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘तुला सोप्पं हाय गो. तू विसरलीस.’ त्याचंसुद्धा मला वाईट वाटलं नाही. आता आठवलं की अंगावर काटा येतो, तेव्हा काहीच आलं नाही.

श्रावणात ताई पेणला आली ती गणपतीचा पाट घेऊनच. आमच्याकडे घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा आणि त्यावर मूर्ती बसवून आणायची, अशी रीत आहे. घरात सुतक असलं तर त्या वर्षी गणपती नाही. भाऊजींनी, शेजाऱ्यांनी सगळ्यांनी तिला सांगून बघितलं, की यंदा नको, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, माझ्या घरात कोण मेलंय, की गणपती नको? म्हणजे गणपती आणणं हीच तिची साक्ष होती, की बाबू जिवंत आहे.

पाट पोटाशी धरून ती शेडमध्ये शिरली. मी तिला चांगल्या निवांत नजरेच्या मूर्ती दाखवत होते. ती माझ्या मागून येतेय असं मला वाटलं, वळून बघते तर ती मागेच थांबली होती. शेठच्या आखणीच्या एका मूर्तीपुढे. हळूच तिने पाट जमिनीवर ठेवला. मला म्हणाली, ‘हा.’ मी मूर्तीकडे बघितलं. मला काहीच दिसलं नाही. इतर वेळी शेठच्या मूर्तींची नजर मला मानेवरसुद्धा कळायची, ही समोरून कळेना. रंगकामाची एक बाई मूर्तीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. काय गं, म्हटलं, तर म्हणाली, काय नाय.

ताईकडचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, की ही उठवू देत नाही. म्हटलं, राहू दे, गौरींबरोबर जाईल. गौरी गेल्या, हा बसूनच. अनंत चतुर्दशी झाली, रोह्यातले सगळे गणपती नदीवर गेले, ताईकडची आरती चालूच. पितृपक्ष लागला तेव्हा भाऊजी फोनवर नीट बोलू शकेनात. ही काही खात नाही, म्हणाले, मूर्तीपुढून हलत नाही. शेजारपाजारचे लोक आमच्या दारावरून जायचे बंद झालेत. तू ये आणि तिला सांग, तुझंच ऐकलं तर ऐकेल.

मी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि बैठकीच्या खोलीत मखर तसंच. फुलं ताजी. ताईचे गाल आत गेले होते. तिने मला जवळ बसवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, की हे बाबूचे डोळे आहेत. आईला चूक होत नाही. तो रोज मागतोय, आई मला घरात घे म्हणून, आणि ज्यानं घरात घे म्हटलंय त्याला उचलून पाण्यात सोडू काय?

तिची समजूत घालायला म्हणून मी बोलून गेले, की ताई, तसं काही नसतं, आमचे शेठ प्रदर्शनात माणसं बघतात आणि त्यांची नजर मूर्तीला काढतात, कुणातरी परक्या माणसाची असेल ही.

ताईने माझं मनगट धरलं. तिच्या हातात इतका जोर कुठून आला देव जाणे. म्हणाली, ‘म्हंजे त्यांनी माझ्या पोराला बघितलाय. प्रदर्शनात. कुठं बघितला, विचार त्यांना. जा.’

मी बसमध्ये बसले तेव्हा मला काहीतरी वाटायला हवं होतं. बाबू जिवंत असेल, मुंबईत कुठेतरी, त्या बोटींच्या गर्दीत शेठसमोरून गेला असेल. शक्य होतं की. मी ते स्वतःशी बोलूनसुद्धा बघितलं. नागोठणे गेलं, वडखळ आलं, आणि मी पेणला उतरल्यावर काय काय कामं करायची ते मोजत होते.

शेठ शेडच्या दारात चहा पीत बसले होते. मी सरळच विचारलं, की माझ्या बहिणीच्या पाटावर जी मूर्ती गेली, तिचं मागणं कुणाचं.

शेठ म्हणाले, ‘तुझं.’

मी म्हटलं, काय?

‘बोटींच्या प्रदर्शनात. तू एका स्टॉलसमोर उभी होतीस. इतकी वर्षं हिंडतो, असं मागणं मी दुसरं बघितलेलं नाय.’ मग बशी खाली ठेवून त्यांनी मला विचारलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल. ‘मी तर वळून बघत नाय. काय होतं गो तिथं?’

काय होतं ते मला ठाऊक होतं. जाकिटं होती. पाण्यात तरंगायची, नारिंगी. पुतळ्यांना घातलेली, आणि पुतळ्यांना तोंडं नव्हती, नुसते पांढरे गोल. त्यांतला एक पुतळा बाबूच्या उंचीचा होता. जाकिटाचे पट्टे नीट आवळून लावलेले. मी त्याच्यासमोर उभी राहिले होते, किती वेळ ते आठवत नाही. बाबूचे डोळे माझ्यावर गेलेत, हे लोक तो पाळण्यात होता तेव्हापासून म्हणत आले. स्वतःचे डोळे स्वतःला कुठे ठाऊक असतात? ताईला ते दिसले आणि मला मूर्तीत काहीच दिसलं नाही, त्याचं कारण मला तिथे, त्या दारात, उभ्या उभ्या कळलं.

मी शेठना सांगितलं, जाकिटं होती. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मला विचारायचं तरी होतं. त्यावर ते म्हणाले, विचारलं असतं तर तू डोळे मिटले असतेस. आणि मग अगदी मायेने, हो, मायेनेच, घरातलं वडीलधारं माणूस विचारतं तसं म्हणाले, ‘पण हलकं वाटतंय ना आता? झोप लागते ना?’

मी त्या दिवशी नोकरी सोडली. रागाने नाही, राग यायला काही आत उरलंच नव्हतं. पुन्हा तिथे जायला नको, एवढंच कळत होतं. शेठ अजून आहेत, कारखाना जोरात चालतो. दुसरी एक मुलगी आता त्यांच्याबरोबर प्रदर्शनांना जाते असं ऐकलं. परवा पेणच्या स्टँडवर ते दोघे बसमधून उतरताना दिसले. शेठचे डोळे मिटलेले, तिने दंड धरलेला. मी तिला हाक मारणार होते. पण काय सांगणार होते मी तिला? की बाई, त्यांच्यासमोर कशाकडे बघू नकोस?

शेठकडून निघाले ती मी तशीच रोह्याला परत गेले. ताई दारातच उभी होती. कुठं बघितला, म्हणाली. घरात शिरायच्या आधीच मी तिला सगळं सांगितलं, पुतळ्यांसकट. भाऊजी खुर्चीत बसून ऐकत होते. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बाबू गेल्यापासून तिने माझ्या डोळ्यांत बघितलंच नव्हतं, तेही मला तेव्हाच कळलं. खूप वेळ बघितलं. मग मखराकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. तिथं हाय ते इथं नाय, म्हणाली. आणि मग तिच्या तोंडावरचं काहीतरी सुटलं. म्हणाली, ‘एवढं मागत होतीस तू त्याला? आणि मला वाटलं, मी एकटीच हाय.’

ती वळली आणि स्वयंपाकघरात जाऊन निरोपाला दहीपोहे कालवायला लागली.

कुंडलिकेच्या घाटावर आम्ही तिघंच होतो. भर दुपार, ढोल नाही, ताशे नाहीत. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे धूत होती. पितृपक्षात गणपती येताना बघून ती कपडे तसेच टाकून निघून गेली. आम्ही हळू आवाजात आरती म्हटली. भाऊजी कमरेएवढ्या पाण्यात गेले, मूर्ती दोनदा खाली-वर केली आणि तिसऱ्यांदा सोडली. शाडूच ती, तिला विरघळायला वेळ लागत नाही. पाणी गढूळ झालं, आणि मग ते गढूळपण प्रवाहाबरोबर सरकत गेलं.

ताईने पदराने तोंड पुसलं. गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता असा तिचा आवाज आला, साधा, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. ‘उद्या भटजींना विचारून ये गो. अंग नसलं तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात म्हणे. करून टाकू. पोरानं कुठवर ताटकळावं?’

मी तिला इतके महिने हेच सांगत आले होते, याच शब्दांत. भाऊजी पाण्यातून वर आले आणि त्यांनी मान हलवली. दोघं पायऱ्या चढायला लागले. मी खालच्या पायरीवर पाण्याकडे बघत उभी होते, आणि शिमग्यापासून माझ्यातून गेलेलं ते सगळं एकदम परत आलं. बाबू. त्याची ओली चड्डी, त्याच्या डोक्याचा वास, मावशी म्हणून मारलेली हाक. मी धावत वर गेले आणि ताईचा पदर धरला. तिला पुढे पाऊल टाकू देईना.

‘नको ना ताई,’ मी म्हटलं. ‘एवढी घाई काय हाय? येईल ना तो.’